चिंचेखालचा कुलूपवाला आणि त्याच्या दोन जाहिराती

एका गावात एक कुलूपवाला होता, अशी ही गोष्ट सुरू व्हायला हवी. पण खरं सांगायचं तर तो त्या गावात नव्हताच. तो नुकताच बाहेरून आला होता, आणि सगळी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

गाव बाजारपेठेचं होतं. दर मंगळवारी बाजार भरायचा, आसपासच्या वाड्यावस्त्यांतून माणसं यायची. चौकात सोनार, शिंपी, न्हावी, लोखंडी सामानवाला अशी जुनी दुकानं होती. त्यांच्या आजोबांपासून ती तिथेच होती आणि लोकांचे पाय आपोआप तिकडे वळायचे. कुलूपवाल्याला चौकात जागा मिळाली नाही. त्याला मिळाली तेलीआळीच्या मागे, चिंचेच्या झाडाखाली, एक पडवी. तिथे मुद्दाम गेल्याशिवाय कोणी जात नसे, आणि मुद्दाम जायला तिथे कुलूपवाला आहे हे आधी माहीत हवं ना!

माणूस मात्र कामाचा पक्का होता. कुलूप तो डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त बघायचा. तार आत सरकवली की आतली पट्टी कुठे अडली आहे, कुठे गंजली आहे, हे त्याच्या बोटांच्या टोकांना कळायचं. हे शिक्षण त्याच्या वडिलांचं. वडिलांनी त्याला किल्ल्या घडवायला तर शिकवलंच, पण त्याआधी दोन नियम शिकवले होते. पहिला हा की, मालक स्वतः समोर आणि दोन शेजारी साक्षीला असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. दुसरा नियम पुढे येईलच.

महिना गेला, दुसरा निम्मा सरला. गिऱ्हाईक म्हणून आली ती एक शेळी. तिनं पडवीतला पाला खाल्ला आणि ती गेली.

"अहो, असं किती दिवस चालायचं?" बायकोनं विचारलं.

"तुळशीच्या लग्नापर्यंत बघू," तो म्हणाला. "नाही जमलं तर तुझ्या भावाकडे जाऊ."

बायकोच्या भावाची चुन्याची भट्टी होती. भाऊ मनानं चांगला होता, दोघांना पोटभर जेवू घातलं असतं. पण चुना बोटं खातो. भट्टीवर एक वर्ष काढलेल्या माणसाच्या बोटांना पुढे सुई टोचलेलीही कळत नाही. तिथे गेलं की पोट भरेल, पण कुलूपवाला उरणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. म्हणून ते बोललं कोणीच नाही.

त्या गावात एक साप्ताहिक निघायचं. त्याचं खरं नाव लांबलचक आणि जोडाक्षरांनी भरलेलं होतं, पण ते बाजाराच्या दिवशी निघायचं म्हणून लोक त्याला 'बाजारपत्र' म्हणायचे. ते निघायचं एका माईंच्या छापखान्यातून. यजमान गेल्यावर माईंनी पदर खोचला आणि त्यांचं छपाईचं ट्रेडल मशीन स्वतः पायानं चालवायला घेतलं. पावसापाण्याची बातमी, बारसं, बारावं, हरवलेली म्हैस आणि गावभरच्या जाहिराती, सगळं त्यात असायचं.

कुलूपवाल्यानं चहाच्या टपरीवर विषय काढला. "बाजारपत्रात जाहिरात दिली तर उपयोग होतो का हो?"

न्हावी हसला. "मी जन्मात जाहिरात दिली नाही. माझं दुकान चालतंय की!" त्याचं दुकान चौकात अगदी मारुतीसमोर होतं, हे तो सांगायला विसरला.

शिंपी म्हणाला, "मी एकदा दिली होती. एक माणूस आला, तोही पत्ता विचारायला."

मिठाईवाला म्हणाला, "दिल्याशिवाय कसं कळणार?" त्याची मिठाई कशी होती ते सोडा, पण बोलला ते बरोबर.

कुलूपवाला छापखान्यात गेला. जाहिरातीचं द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं, तसं त्यानं सरळ सांगितलं. माईंनी कपाटांकडे बोट केलं. छपाईची अक्षरं, म्हणजे खिळे, ठेवायच्या कपाटांची सगळी कुलपं गंजून एकेक करून बसली होती. "ही चालती करून दे. त्या बदल्यात तुळशीच्या लग्नापर्यंत दर मंगळवारी तुझी जाहिरात छापीन. जागा मात्र शेवटच्या पानावर, अगदी खालच्या कोपऱ्यात. वरची जागा मिठाईवाल्याची आहे."

दोन दिवसांत त्यानं सगळी कुलपं लोण्यासारखी करून दिली. माई खूश झाल्या. पण त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "हे बघ बाबा, मी कागदावर शाई लावते. गिऱ्हाईक धावत येईल असं छातीठोक सांगत नाही. काय लिहायचं ते तुझं तू ठरव."

आता काय लिहावं? त्यानं जुने अंक चाळले. सगळ्यांनी मोठमोठं लिहिलं होतं. मिठाईवाला एकमेव होता, शिंपी अद्वितीय होता, विड्यांचा कारखाना तर सुप्रसिद्धच होता. आपण मागे का राहावं? त्यानं लिहिलं:

'कोणतेही कुलूप! कसलेही कुलूप! किल्ली असो वा नसो, चुटकीसरशी उघडू! एकवार आमची करामत पाहाच!'

श्रावणातल्या मंगळवारी जाहिरात छापून आली. कुलूपवाल्यानं अंगणात सडा घातला, सतरंजी झटकली, हत्यारं पुसून ओळीनं मांडली आणि वाट बघत बसला.

आणि काय सांगू, जाहिरातीचा असा गुण आला की गावानं कधी पाहिला नव्हता! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोखंडी सामानवाल्याच्या दुकानातली झाडून सगळी कुलपं विकली गेली. जिथे एक कुलूप होतं तिथे दोन लागली, जिथे नुसती कडी होती तिथे कुलूप आलं. पुजाऱ्यानं देवळातली दानपेटी उचलून गाभाऱ्यात नेली. फौजदार चिंचेखाली येऊन बसले, चहा प्यायले, आणि कुलूपवाल्याच्या दहाही बोटांकडे नीट बघून गेले. त्याची बायको पाण्याला गेली की विहिरीवरचं बोलणं थांबायचं.

आपणच सांगा, ज्याला कोणी ओळखत नाही असा माणूस गावात येतो आणि जाहीर करतो की किल्ली नसली तरी मी कोणतंही कुलूप चुटकीसरशी उघडतो. त्याला आपण घरी बोलवाल का? मी तर नाही बोलावणार.

कुलूपवाल्याच्या हे लक्षात यायला आठ दिवस लागले. आलं तेव्हा तो शरमेनं लाल झाला. छापखान्यात जाऊन खाली मान घालून उभा राहिला. "माई, ती जाहिरात बंद करा. लोक मला चोर समजायला लागलेत."

माईंनी चष्मा काढून पुसला. "तुला काय येतं ते तू सांगितलंस. तू कसा आहेस ते कुठे सांगितलंस? नव्या माणसाला गाव काय विचारतं? कुठला, कुणाचा, कसा वागतो. तेवढं सांग."

"मी काय सांगणार? माझं तर इथे कोणी नाही."

"काम कसं करतोस ते तरी सांग. माझी कपाटं उघडताना तू मला पाणीही प्यायला जाऊ दिलं नाहीस. 'माई, समोर उभ्या राहा, आणि शेजारच्या दोघांना बोलवा' म्हणून माझ्या मागे लागला होतास. ते का?"

"वडिलांचा नियम आहे तो."

"मग तोच लिही की!"

त्यानं लिहिलं. माईंनी शेवटी आपल्याकडून दुकानाच्या वेळेची एक ओळ घातली आणि आधी त्याला वाचून दाखवली. पुढच्या मंगळवारी त्याच खालच्या कोपऱ्यात छापून आलं:

'तेलीआळीच्या मागे, चिंचेखाली, कुलूपकिल्लीचे दुकान. अडकलेली, गंजलेली कुलपे चालू करून मिळतील. मालक स्वतः समोर व दोन शेजारी साक्षीला असल्याशिवाय कुलपास हात लावत नाही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दुकानात हजर असतो.'

एवढंच. करामत नाही, चुटकी नाही.

पहिल्या मंगळवारी कोणी आलं नाही. दुसऱ्या मंगळवारीही नाही. गणपती आले आणि गेले. नवरात्र बसलं. एका म्हातारबुवांनी येऊन किल्ली घडवून घेतली, पण ते म्हणाले की त्यांना लिहितावाचता येत नाही, ते चिंचेच्या सावलीला टेकायला आले होते. कुलूपवाला मात्र रोज सकाळी पडवीत येऊन बसायचा आणि दिवा लागेपर्यंत हलायचा नाही. एकदा त्याला ताप होता. बायको म्हणाली, "आज घरात पडून राहा, कोण येणार आहे?" तो म्हणाला, "हजर असतो असं छापलंय," आणि कांबळं पांघरून पडवीत येऊन पडला.

बिचाऱ्याला एक गोष्ट कळत नव्हती, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. जिलबीची जाहिरात वाचली की जिलबी खावीशी वाटते. कुलूपवाल्याची जाहिरात वाचून कोणाला आपलं कुलूप अडकवावंसं वाटतं? ज्या दिवशी जाहिरात वाचतात त्या दिवशी काम नसतं, आणि ज्या दिवशी काम पडतं त्या दिवशी अंक हाताशी नसतो. असं सगळ्यांना वाटतं.

पण त्या गावाची एक रीत होती. तिथे कागद कोणी टाकत नसे. बाजारपत्र मंगळवारी एका घरात वाचलं जायचं, बुधवारी शेजारी जायचं आणि मग गठ्ठ्यात पडायचं. दसऱ्याच्या साफसफाईला तो गठ्ठा निघायचा. स्वैपाकघरातल्या फळ्या पुसून त्यांच्यावर हे कागद अंथरायचे, वर डबे मांडायचे. कागदाची खालची कड फळीवरून चार बोटं लोंबती ठेवायची आणि कात्रीनं तिची नक्षी कापायची. गावातल्या पोरीबाळी त्यात पटाईत होत्या.

आता पानाच्या वरच्या बाजूला कोण होतं? मिठाईवाला. तो गेला डब्यांखाली. आणि खालच्या कोपऱ्यातला कुलूपवाला गावातल्या कितीतरी फळ्यांवरून, चहाच्या डब्याखाली, मिठाच्या बरणीखाली, लोंबत राहिला. त्याला स्वतःला याचा पत्ता नव्हता. तो चिंचेखाली बसून झुरत होता.

दिवाळी आली. भाऊबीज होऊन तीन दिवस झाले असतील. दुपारच्या वेळी तेलघाण्याचा मालक चिंचेखाली येऊन उभा राहिला. अख्खं गाव त्याला अण्णा म्हणायचं. अण्णा म्हणजे गावातलं वजनदार माणूस, आणि चौकातला रिकामा गाळाही त्याचाच.

"काय रे, तूच ना तो, कोणतंही कुलूप चुटकीसरशी उघडणारा? श्रावणात वाचलं होतं मी."

कुलूपवाला उठून उभा राहिला. आत बायकोनं चुलीवर आधण ठेवलं. "हो अण्णा, बसा ना."

"बसायला वेळ नाही. घरी एक शिसवी पेटी आहे. आत्ताच्या आत्ता चल आणि उघडून दे."

"चला," कुलूपवाला हत्यारांची पिशवी घेत म्हणाला. "पेटी आपलीच ना?"

अण्णानं इकडेतिकडे बघितलं. "माझ्या थोरल्या भावाची. तो गेला दोन वर्षांपूर्वी. आता वहिनीकडे असते."

"मग वहिनी घरी आहेत?"

"ती माहेरी गेलीय दिवाळीला. एवढ्यात येईल. म्हणून तर घाई आहे."

कुलूपवाल्यानं पिशवी हळूच खाली ठेवली. "अण्णा, वहिनींना येऊ द्या. त्या समोर उभ्या राहिल्या की लगेच उघडतो."

"अरे, घर माझं, भाऊ माझा! मी काय चोर आहे?" अण्णाचा आवाज चढला, आणि मग एकदम उतरला. खरं सांगायचं तर अण्णा वाईट माणूस नव्हता. कोणीतरी त्याच्या कानात भरवलं होतं की वहिनी घराचा आपला भाग विकून कायमची माहेरी जाणार, आणि तसा कागद पेटीत आहे. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. "नुसतं बघायचंय मला. हात लावणार नाही कशाला. हे बघ, चौकातला गाळा रिकामा आहे. उद्यापासून तिथे बस. इथे झाडाखाली किती दिवस माश्या मारणार?"

चौकातला गाळा! मारुतीसमोरचा! कुलूपवाल्यानं डोळे मिटले. आत आधणाचा आवाज येत होता, पण बायकोची चाहूल नव्हती. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

"नाही जमायचं अण्णा. मालक समोर असल्याशिवाय कुलपाला हात लावत नाही, असं मी बाजारपत्रात छापलंय."

"त्या खालच्या कोपऱ्यातलं कोण वाचतं रे?"

"मी वाचतो ना, अण्णा. दर मंगळवारी."

अण्णा "बस तर मग चिंचेखाली," म्हणून पाय आपटत निघून गेला.

बायको बाहेर आली. तिनं चहाचा पेला त्याच्यापुढे ठेवला आणि स्वतः उंबऱ्यावर बसली.

"उघडली असतीत तर चौकात गेलो असतो," ती म्हणाली.

"हो."

"आणि मग रोज मला वाटलं असतं, ती बाई दिवाळीहून परत आली असेल, उघडलेली पेटी बघत असेल." असं म्हणून तिला रडू आलं. त्यालाही आलं. चांगलं वागल्यावर छान वाटतं असं लहान मुलांना आपण सांगतो, पण त्या दुपारी त्या दोघांना काही छान वाटलं नाही. भट्टी आता अटळ होती.

तुळशीच्या लग्नाचा दिवस उजाडला. त्यांनी भाड्याची बैलगाडी ठरवली होती. सकाळीच चार भांडी, वळकटी आणि पाटा-वरवंटा गाडीत चढला. गाडीवान म्हणाला, "निघायचं का? उन्हाच्या आत पोचू."

कुलूपवाला रिकाम्या पडवीत सतरंजी अंथरून, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. "संध्याकाळी निघू," तो म्हणाला.

"आता आणि काय राहिलं?"

"कालच मंगळवार झाला. कालच्या अंकातही छापलंय, दिवेलागणीपर्यंत हजर असतो म्हणून. आजचा दिवस बसतो."

गाडीवानानं कपाळाला हात लावला आणि बैल सोडून झाडाला बांधले. बायकोनं गाडीतून तवा पुन्हा खाली काढला आणि तिघांसाठी भाकऱ्या टाकल्या.

इकडे त्याच सकाळी अण्णाची वहिनी माहेराहून परतली होती. तुळशीच्या लग्नासाठी पेटीतली चांदीची निरांजनं काढावीत म्हणून तिनं किल्ली लावली, तर किल्ली आत जाईना. वाकून बघितलं तर कुलपाच्या भोकात काहीतरी मोडून अडकलेलं. नवरा गेल्यापासून तिचं जे काही आपलं म्हणून होतं ते त्या पेटीत होतं, तिच्या लेकीचा वाटासुद्धा.

आता कोणाला बोलवायचं? लोहाराला बोलवावं तर तो छिन्नीनं पेटीच फोडणार. आणि अनोळखी माणसाला अशा पेटीजवळ येऊ कसं द्यायचं? सुचेना म्हणून ती स्वैपाकघरात गेली, चहाचं आधण ठेवलं आणि चहाच्या डब्याला हात घातला. डब्याखाली फळीवरून दसऱ्याला अंथरलेला कागद लोंबत होता. दसऱ्यापासून माहेरी जाईपर्यंत ती रोज दोनदा तो डबा काढत होती आणि रोज दोनदा ती अक्षरं तिच्या डोळ्यांपुढून जात होती. ती वाचावीही लागली नाहीत. 'मालक स्वतः समोर व दोन शेजारी साक्षीला...'

तिनं तो तुकडा फाडून घेतला, चहा तसाच ठेवला आणि निघाली.

दुपार कलली तेव्हा ती चिंचेखाली पोचली. भरलेली गाडी बघून क्षणभर थबकली. "कुलूपवाले दादा इथेच ना? निघालात की काय?"

"दिवेलागणीपर्यंत आहे ताई," कुलूपवाला उठत म्हणाला. "काय काम होतं?"

तिनं नक्षी कापलेला कागदाचा तुकडा पुढे केला. "पेटी अडकलीय. मालक मीच आहे. मी समोर उभी राहते. शेजारच्या दोघी बायका घरी बसवून आलेय, साक्षीला."

कुलूपवाल्यानं तो तुकडा हातात घेतला. त्याच्या कडेला त्रिकोणी कापलेलं होतं आणि वर चहाचा डाग होता. मग त्यानं पिशवी उचलली.

ती त्याला घेऊन गेली ते अण्णाचंच घर होतं. ओसरीवर अण्णा बसला होता. कुलूपवाल्याला बघताच त्याचा चेहरा उतरला. कुलूपवाल्यानं त्याला नमस्कार केला आणि आत गेला.

पेटीसमोर वहिनी उभी राहिली, दाराशी दोन शेजारणी बसल्या. त्यांतल्या एकीनं श्रावणात आपल्या दाराला दोन नवी कुलपं लावली होती आणि ती अजून कुलूपवाल्याकडे डोळे बारीक करून बघत होती. त्यानं डोळे मिटले, कान पेटीला लावला आणि तार आत सरकवली. बोटांची टोकं काम करू लागली. थोड्या वेळानं चिमट्यानं त्यानं लोखंडाचा एक तुकडा बाहेर काढून वहिनीच्या तळहातावर ठेवला.

"हा तुमच्या किल्लीचा नाही, ताई. दुसरी कसली तरी किल्ली मोडलीय आत."

वहिनीनं तुकड्याकडे बघितलं, मग दारातून ओसरीकडे. "दादा, मी नसताना तुमच्याकडे कोणी आलं होतं का, ही पेटी उघडायला?"

ओसरीवर अण्णानं श्वास रोखला.

"तुम्ही समोर नव्हता, म्हणून मी हात लावला नाही," कुलूपवाला म्हणाला. "मला एवढंच सांगता येईल."

त्यानं पुन्हा तार सरकवली. आतली पट्टी हलली आणि कुलूप कट्ट करून उघडलं. आणि मग त्यानं जे केलं ते त्या दोघी शेजारणींनी पुढे घरोघर सांगितलं. झाकणाला हातही न लावता तो उठला, चार पावलं मागे सरला आणि भिंतीकडे तोंड करून, पाठ फिरवून उभा राहिला.

"आता उघडा, ताई," तो भिंतीला म्हणाला.

हा त्याच्या वडिलांचा दुसरा नियम. कुलूप आपण उघडायचं, झाकण मालकानं. आत काय आहे ते आपण बघायचं नाही.

पेटीत काय होतं? त्यानं बघितलं नाही, म्हणून मलाही सांगता येत नाही. वहिनीचा आवाज मात्र त्याला ऐकू आला. "सगळं आहे," ती म्हणाली. मग तिनं मोठ्यानं हाक मारली. "भाऊजी, आत या. काय बघायचं होतं ते मी असताना बघा. लोक काय बोलतात ते माझ्याही कानावर आलंय. कुठे जात नाही मी हे घर सोडून."

अण्णा उठला, दारापर्यंत आला. पण पेटीजवळ काही गेला नाही. "नको वहिनी," तो पुटपुटला. "काही बघायचं नाही मला. चुकलं माझं." आणि तोही दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्या खोलीत एकाच वेळी दोन पुरुष भिंतीकडे बघत उभे होते. डोळे बारीक करणाऱ्या शेजारणीला हसूही आलं आणि रडूही.

कुलूपवाला परत आला तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगणाअंगणातून तुळशीची लग्नं लागत होती. गाडीवानानं बैल जुंपायला घेतले, तेवढ्यात ती शेजारीण हातात मोठं कुलूप घेऊन लगबगीनं आली. "दादा, श्रावणात घाईघाईनं दोन कुलपं घेतली. त्यातल्या एकाची किल्ली मीच हरवून बसलेय. उद्या याल का? मी घरीच असते."

तिच्या मागे पुजारी होता. दानपेटी गाभाऱ्यात नेली होती खरी, पण ओलाव्यानं तिचं कुलूप गंजलं होतं.

बायकोनं गाडीवानाकडे बघितलं. गाडीवानानं न सांगता बैल सोडले आणि पाटा-वरवंटा पुन्हा खाली उतरवला. पाटा जड होता, पण तो कुरकुरला नाही.

पुढच्या महिन्यात इतकी कुलपं आली की चिंचेखाली बसायला जागा अपुरी पडू लागली. पुष्कळ लोक हातात कागदाचा नक्षीदार तुकडा घेऊन यायचे. कोणाच्या तुकड्यावर हळदीचे डाग, कोणाच्या तेलाचे. बाकीचे आले ते त्या भिंतीकडे तोंड करून उभं राहण्याची गोष्ट ऐकून.

माई एकदा मुद्दाम चिंचेखाली आल्या. "काय बाबा, आता जाहिरात बंद करायची ना? न्हावी म्हणतोय, तुला त्या पाठ फिरवण्यानं कामं मिळाली, माझ्या कागदानं नाही."

"माई, मी पाठ फिरवली ती वहिनींच्या घरात. पण त्या घरापर्यंत मला कोणी नेलं? छापत राहा. तिथेच, खालच्या कोपऱ्यात. तुमच्या कपाटांना दर महिन्याला तेल घालून देईन."

"मग त्यात ते भिंतीकडे तोंड करण्याचंही घालू का? लोकांना फार आवडलंय."

कुलूपवाला जरा विचारात पडला. मग त्यानं मान हलवली. "नको. मालकाला समोर उभं राहायचंय, म्हणून ते आधी सांगायला हवं. हे दुसरं सांगायचं नसतं, करायचं असतं."

माईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर काही दिवसांनी अण्णा आला. या खेपेला तो बसला, चहाही प्यायला. मग त्यानं धोतराच्या सोग्यातून एक जुनी किल्ली काढली. तिचं टोक मोडलेलं होतं.

"माझ्या धान्याच्या कोठाराची आहे ही," तो खाली बघत म्हणाला. "मोडली कुठे ते तुला ठाऊक आहे. तेव्हापासून कोठार बंदच आहे." मग जरा थांबून तो म्हणाला, "मालक समोर आहे. आणि साक्षीला वहिनी आणि शेजारीण, दोघींना घेऊन आलोय. चालेल ना?"

वहिनी मागे उभी राहून हसत होती.

कुलूपवाला त्यांच्याबरोबर गेला. कोठाराचं कुलूप उघडलं, चार पावलं मागे सरला, आणि अण्णाच्या ज्वारीच्या पोत्यांकडेही पाठ फिरवून उभा राहिला.

मुलांनो, आणि दुकान मांडून बसलेल्या मोठ्यांनो, या गोष्टीचं तात्पर्य: जाहिरात उशिरा का होईना, काम करतेच, पण फुशारकी छापली तर ती पेटी चोरून उघडायला सांगणारा आणते आणि खरेपणा छापला तर पेटीची मालकीण आणते. म्हणून तेच छापावं, जे कोणी वाचत नसलं तरी आपण पाळणार आहोत.